कमोडखालचं सील: वॅक्स रिंग, रबरी कनेक्टर की आणखी काही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यातली जुनी इमारत, दुसरा मजला. मागच्या दिवाळीआधी संडास नव्याने करून घेतला. जुन्या टाइल्स न फोडता त्यांच्यावरच नव्या लावल्या आणि जुना कमोड काढून वन-पीस बसवला. दोन-तीन महिन्यांत कमोडच्या मागच्या बाजूला ओल दिसायला लागली, आणि सकाळी दार उघडलं की वास येतो. प्लंबरने दोनदा व्हाइट सिमेंट भरून दिलं, पण काही आठवड्यांत पुन्हा तेच. आता खालच्या काकूंच्या छतावर पिवळा डाग आलाय. दुकानदार म्हणतो वॅक्स रिंग (मेणाचं कडं) न्या, प्लंबर म्हणतो रबरी कनेक्टर लावू, मेहुणे म्हणतात एम-सील भरा आणि विषय संपवा. यातलं काय घ्यावं, आणि ते स्वतः बसवता येईल का?

मी प्लंबिंगची कामं घेतो, आणि त्यातली बरीचशी अशीच असतात, आधी झालेल्या कामाच्या दुरुस्तीची. तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा कल रबरी कनेक्टरकडे आहे. पण लगेच दुकानात जाऊ नका. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात: टाइलवर टाइल. सील कोणतं लागणार हे फरशीतून वर येणाऱ्या पाइपच्या तोंडावर ठरतं. ते तोंड फरशीपासून किती खाली आहे, भिंतीपासून किती लांब आहे आणि किती व्यासाचं आहे, हे कळल्याशिवाय कुठलंही सील घेणं म्हणजे अंदाजाने चप्पल घेण्यासारखं आहे.

टाइलवर टाइल लावली की काय होतं ते बघा. नवी टाइल ८ ते १० मिमी जाड, खालचं अ‍ॅडहेसिव्ह ३ ते ५ मिमी. म्हणजे फरशी साधारण १२ ते १५ मिमी वर आली. पाइप मात्र होता तिथेच राहिला. जुन्या फरशीशी बरोबर असलेलं त्याचं तोंड आता खड्ड्यात गेलं. दुसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: भिंतीवरही टाइल चढली, म्हणजे भिंत तेवढीच पुढे सरकली. भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंत आधी ३०० मिमी असेल, तर आता २८५ उरले. आणि ३०० मिमीचा एस-ट्रॅप कमोड, म्हणजे ज्याचं आउटलेट (घाण बाहेर पडायचं तोंड) खाली फरशीत उतरतं असा, आणला असेल, तर त्याची पाठ भिंतीला टेकल्यावरही आउटलेटचा मध्य पाइपच्या मध्यापासून १५ मिमी पुढे येतो. घाण पाइपच्या मधोमध पडायच्या ऐवजी त्याच्या कडेवर आपटते. थोडी आत जाते, थोडी कडेवरून कमोडच्या पोकळ बुडात पसरते. वरून तुम्ही कितीही व्हाइट सिमेंट फिरवलं, तरी आतली ही वाट बदलत नाही.

हे झालं अनुमान. तुमच्याकडे तसंच झालंय का, हे कमोड उचलल्यावरच कळेल. आणि उचलण्याआधी ओल नक्की सांध्यातूनच येतेय ना, ते तपासून घ्या. सील बदलून झाल्यावर कळतं की गळत होता अँगल कॉक (टाकीचं पाणी चालू-बंद करायचा भिंतीवरचा नळ), असं बऱ्याच घरांत होतं.

तपासणीला पैसे लागत नाहीत. रात्री झोपण्याआधी अँगल कॉक बंद करा, टाकी फ्लश करून रिकामी करा, जेटचा कॉकही बंद करा. कमोडभोवतीची फरशी फडक्याने पूर्ण कोरडी करा आणि बुडाच्या कडेला लागून वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवा. सकाळपर्यंत कोणी तो संडास वापरायचा नाही. मग अँगल कॉक आणि जेटचा कॉक उघडून टाकी भरू द्या, पण फ्लश करू नका, आणि तासाभराने पट्ट्या बघा. आता त्या ओल्या झाल्या, तर पाणी येणाऱ्या बाजूने गळतंय: अँगल कॉकचा नट, टाकीला जाणारा पाइप, जेटचा होज. हे पाणी भिंतीवरून निमूट खाली उतरतं आणि कमोडच्या मागेच साठतं, त्यामुळे दोष सीलला जातो. ज्यांच्याकडे टाकी वेगळी आणि भांडं वेगळं असा कमोड आहे, त्यांनी दोघांमधली रबरी गादी आणि दोन बोल्टांचे वॉशरही बघावेत. तुमचा वन-पीस आहे, त्यामुळे ती शंका नाही.

पट्ट्या कोरड्या राहिल्या तर पुढची पायरी. बादलीभर पाण्यात खाण्याचा गडद रंग कालवा आणि ती बादली कमोडमध्ये झपाट्याने ओता. टाकीचा फ्लश करू नका, म्हणजे स्वच्छ पाणी मध्ये येणार नाही. दोन-तीन बादल्या ओतल्यावर पट्टीला रंग लागला, तर सांधा गेलाय किंवा क्वचित कमोडच्या बुडालाच तडा गेलाय. रंगीत पाणी उतरायला वेळ लागत असेल, बुडबुडे येत असतील, तर आधी चोकअप काढा. पुढे लाइन तुंबलेली असली की प्रत्येक फ्लशला पाणी सांध्यापर्यंत चढतं, आणि तसं चढणारं पाणी कुठलंही सील फार दिवस अडवू शकत नाही.

वासाचंही थोडं समजून घ्या. गटाराचा वास अडवायचं काम कमोडच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे आतल्या वळणात, साचलेलं पाणी करतं, त्याची खोली किमान ५० मिमी असते. फरशीतला सांधा या पाण्याच्या पलीकडे, म्हणजे गटाराच्या बाजूला आहे. त्यामुळे सांधा जरा जरी उघडला, तरी लाइनमधली हवा थेट खोलीत येते. सांध्यात पाणी सतत उभं नसतं, फ्लशच्या वेळीच तेवढं जातं. म्हणून आधी वास येतो आणि ओल पुष्कळ नंतर दिसते. एक्झॉस्ट फॅन लावल्यावर वास कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, तर पंखा हवा खेचतोय ती कुठल्यातरी फटीतून गटाराच्या लाइनमधली. पण ती फट कमोडचीच असेल असं नाही, कोरडी पडलेली नहाणी ट्रॅपही (फरशीतल्या जाळीखालचा ट्रॅप) असू शकते. तिच्यात एक तांब्या पाणी ओता आणि फरक पडतो का बघा. ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत ३०० हून जास्त रहिवाशांना सार्स झाला. फरशीतले ट्रॅप कोरडे पडून सांडपाण्याच्या लाइनमधली हवा घरांत शिरणं, हे त्यामागचं एक संभाव्य कारण असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणीत पुढे आलं होतं.

आता तुम्ही विचारलेल्या एकेका वस्तूबद्दल.

व्हाइट सिमेंट. आपल्याकडे ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि बिडाचे पाइप व चिनी मातीचे ट्रॅप होते तेव्हा ती चालून गेली. पीव्हीसीला मात्र सिमेंट धरतच नाही. अशा कामातला कमोड उचलला की सिमेंटचं कडं बहुतेक वेळा अख्खं हातात येतं. त्याची आतली बाजू बघा: पाइपला टेकलेला भाग आरशासारखा गुळगुळीत असतो, म्हणजे तिथे चिकटलं असं काही नव्हतंच. पाइप आणि सिमेंट यांच्यामध्ये केसाएवढी फट आणि त्या फटीत काळा चिकट गाळ. वाळताना सिमेंट आकसतं, नंतर बसता-उठताना कमोड अगदी किंचित हलतो, आणि ताठ सिमेंट तेवढंही सहन करत नाही. शिवाय संडास साफ करायच्या बहुतेक लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ते सिमेंट खातं. तुमच्याकडे दोनदा भरलं आणि दोनदा गेलं यात मला काही नवल वाटत नाही.

एम-सील किंवा कुठलीही इपॉक्सी पुट्टी. ती दगडासारखी घट्ट होते आणि इथे तेच नको आहे. पुन्हा कमोड काढायची वेळ आली, तर पुट्टी सुटायच्या आधी कमोडचं बूड तुटतं. बिडाच्या पाइपला बाहेरून पडलेलं भोक तात्पुरतं बुजवायला ती चांगली आहे. कमोडखाली नको.

वॅक्स रिंग. वस्तू म्हणून ती वाईट नाही, अमेरिकेत घरोघरी तीच वापरतात. पण तिथली रचना वेगळी आहे. तिथे पाइपच्या तोंडावर एक फ्लँज (चपटी गोल कडी) फरशीला स्क्रूने आवळलेली असते, तिच्यातून दोन बोल्ट वर येतात आणि त्या बोल्टांनी कमोड खाली खेचला जातो. मेण कमोड आणि फ्लँज यांच्यामध्ये चारी बाजूंनी सारखं दाबलं जातं. इंटरनेटवरचे व्हिडिओ बहुतेक तिकडचे असतात, म्हणून आपल्याकडे लोक रिंग घेऊन येतात आणि घरी आल्यावर कळतं की फ्लँज नाहीच. फरशीत नुसतं पाइपचं तोंड आहे, तेही खाली गेलेलं. साधी रिंग साधारण २० ते २५ मिमी जाडीची असते. तोंड १५ मिमी खाली असेल, तर दाबायला मेण उरतंच किती? दुसरं असं की मेण एकदा दबलं की परत वर येत नाही. कमोड जरा डुलला की फट पडते ती पडतेच. पुढे कधी चोकअप झाला आणि कोणी दट्ट्याने जोर लावला, तर मेण बाजूला सरकू शकतं. अमेरिकेत राहणाऱ्या कोणी हे वाचत असेल तर तुमच्याकडे खुशाल वॅक्स रिंग वापरा, फक्त फ्लँज तयार फरशीच्या वर बसली आहे ना, ते बघून घ्या. नवीन टाइल लावल्यावर तिथेही हाच घोळ होतो.

रबरी कनेक्टर. याचे दोन प्रकार तुम्हाला दुकानात दिसतील. एक लांब नळीसारखा: वरचं तोंड कमोडच्या आउटलेटवर घट्ट चढतं आणि खालच्या टोकाला रबराच्या तीन-चार पातळ चकत्या असतात, त्या पाइपच्या आतल्या भिंतीला घासून बसतात. ज्या कमोडचं आउटलेट नळीसारखं बाहेर आलेलं असतं, त्यासाठी हा. दुसरा प्रकार वर चपटी रबरी किंवा फोमची गादी आणि खाली पाइपात उतरणारी नळी असा असतो. वन-पीस कमोडचं आउटलेट बहुतेक वेळा बुडाच्या आत आखूड असतं, त्याला हा लागतो. दोन्हींची खुबी एकच: कनेक्टरची नळी पाइपच्या आत उतरते, त्यामुळे पाइपचं तोंड १०-२० मिमी वर-खाली असलं तरी अडत नाही. ड्रेनेजच्या कामाचा जुना नियम आहे की वरचा तुकडा नेहमी खालच्याच्या आत उतरला पाहिजे, म्हणजे वाहत्या पाण्याला वाटेत कड लागत नाही. सिमेंटच्या कड्यात आणि नुसत्या चपट्या गादीत हा नियम पाळलाच जात नाही.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर दुसऱ्या प्रकारचा कनेक्टर, आणि मध्य १०-१५ मिमी सरकलेला निघाला तर त्यातलाच ऑफसेट, ज्याचं वरचं आणि खालचं तोंड एका रेषेत नसतं. काही वन-पीसबरोबर कंपनी स्वतःचं सील आणि बसवण्याचं पत्रक देते. ते खोक्यात पडून असेल तर आधी शोधा. कित्येक प्लंबर ते बाजूला टाकून सिमेंटच लावतात. कंपनीचं सील तुमच्या पाइपच्या खोलीला पुरत असेल, तर त्याच्याइतकं नेमकं बसणारं बाहेर मिळणार नाही.

कमोड उचलणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यात जोखमीचं काम आहे. वन-पीस ४० किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असतो. दोन माणसं हवीतच, आणि तुमच्यातल्या कोणाला कंबरेचा त्रास असेल तर हे काम बाहेरच द्या. पाणी बंद करा, टाकी रिकामी करा, ट्रॅपमधलं पाणी मगाने आणि स्पंजने काढा. बुडाभोवतीचं सिमेंट हातोडा-छिन्नीने फोडायला जाऊ नका, कमोडच्या पायाची कड लगेच उडते. हॅक्सॉचं सुटं पातं किंवा पातळ पुट्टीची पत्ती घेऊन कडेकडेने, दम धरून कापत जा. सिमेंट फक्त कडेला फिरवलं असेल तर तासाभरात सुटतं. पूर्ण बुडाखाली माल भरून कमोड बसवला असेल, तर तो न तुटता निघेलच असं मी कोणालाही छातीठोकपणे सांगत नाही. मी काम घेताना घरच्यांना हे आधी सांगतो, तुम्हीही मनाची तयारी ठेवा.

कमोड निघाला की त्याला जुन्या गादीवर किंवा चादरीच्या घडीवर आडवा ठेवा. पाइपच्या तोंडात लगेच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं कोंबा. पिशवीला दोरी बांधून दोरीचं टोक बाहेर ठेवा. यामुळे वास थांबतो आणि सिमेंटचे तुकडे आत पडत नाहीत. आत पडलेला एक तुकडा पुढे कुठल्यातरी बेंडमध्ये अडकतो आणि वर्षभराने चोकअप होतो, तेव्हा त्याचं मूळ कोणालाच आठवत नाही.

आता मापं. फरशीवर एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीच्या खालच्या कडेपासून पाइपच्या तोंडापर्यंतची खोली मोजा. नव्या टाइलच्या भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंत मोजा. पाइपचा आतला व्यास मोजा. अलीकडचा पीव्हीसी पाइप असेल तर बाहेरून ११० मिमीचा असतो, जुन्या इमारतीत ४ इंची बीड निघू शकतं. बीड असेल तर आतला गंज तारेच्या ब्रशने खरवडून भिंत गुळगुळीत करावी लागते, नाहीतर रबराच्या चकत्या खडबडीत गंजावर नीट बसत नाहीत. मग कमोडकडे वळा: आउटलेटचा बाहेरचा व्यास, ते बुडाच्या पातळीपासून किती आत किंवा बाहेर आहे, आणि कमोडच्या पाठीपासून त्याच्या मध्यापर्यंतचं अंतर. ही मापं कागदावर लिहा, मोबाइलमध्ये फोटो काढा आणि मगच दुकानात जा.

पाइपचं तोंड साधारण ५ मिमीच्या आत असेल तर चपटी गादीही चालेल. १० ते ४० मिमी खाली असेल तर पाइपात उतरणारा कनेक्टर. त्याहून खाली गेलं असेल, तर आधी पाइपचा तुकडा जोडून तोंड वर आणायला हवं. पाइपच्या टोकाला सॉकेट (दुसरा पाइप आत बसेल असं रुंद तोंड) असेल तर ते सॉल्व्हेंट सिमेंटने, म्हणजे पीव्हीसी चिकटवायच्या द्रावणाने, पाच मिनिटांचं काम आहे, नसेल तर आजूबाजूचा थोडा माल फोडून कपलर (दोन पाइप जोडणारा तुकडा) घालावा लागतो आणि ते वॉटरप्रूफिंगची जाण असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं. मध्य २०-२५ मिमीपेक्षा जास्त सरकला असेल, तर कनेक्टरच्या भरवशावर राहू नका. मग कमी अंतराचा कमोड घ्या किंवा पाइप सरकवा. पाइप सरकवायचा म्हणजे फरशीखालचा कोबा (विटांचा भराव) उघडायचा, खर्च आणि धूळ दोन्ही आलं. पण चुकीच्या अंतराचा कमोड सीलच्या जोरावर टिकत नाही, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

कनेक्टर घेताना तो पिशवीतून बाहेर काढून बघा. चकती बोटाने पूर्ण दुमडा आणि सोडा, ती झटकन जागेवर यायला हवी. सावकाश येत असेल, घडीच्या जागी पांढरी रेघ किंवा बारीक चिरा दिसत असतील, तर तो माल दुकानात उन्हात पडून कडक झालाय. दबून चपटा झालेला तुकडाही घेऊ नका. ईपीडीएम रबराचा मिळाला तर उत्तम. किंमत फार तर काहीशे रुपयांच्या घरात असते, तिथे पन्नास रुपये वाचवण्यात अर्थ नाही.

बसवताना आधी एकदा सीलशिवाय कमोड जागेवर ठेवून बघा. पाठ भिंतीला समांतर आहे ना, पाणसळ ठेवल्यावर तो समतल आहे ना, डुलतो का. डुलत असेल तर जिथे फट आहे तिथे प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या सरकवा. लाकडाच्या चिपा किंवा काड्यापेटीचे तुकडे नकोत, ते कुजतात आणि डुलणं परत सुरू होतं. बुडाची कड पेन्सिलने आखून घ्या किंवा बाहेरून मास्किंग टेप लावा, आणि स्क्रूच्या जागा खुणा करून कमोड बाजूला घ्या.

भोकं पाडताना दोन गोष्टी सांभाळा. टाइलवर टाइल असल्याने वरचे २५ मिमी तर टाइल आणि अ‍ॅडहेसिव्हमध्येच जातात, म्हणून रावल प्लग आणि स्क्रू लांब लागतात. पण खाली वॉटरप्रूफिंग आहे आणि कदाचित पाण्याची लाइनही, त्यामुळे लागते त्याहून खोल जायचं नाही. ड्रिल बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा. सुरुवात हॅमर बंद ठेवून, टाइल भेदल्यावरच हॅमर चालू. भोकातली धूळ फुंकून काढा आणि प्लग बसवण्याआधी भोकात थोडं सिलिकॉन भरा, म्हणजे स्क्रूच्या वाटेने पाणी खाली उतरत नाही. काही जण नुसत्या सिलिकॉनवर कमोड चिकटवतात. मला ते पटत नाही, कारण सील खराब व्हायचं मोठं कारण कमोड हलणं हेच आहे आणि स्क्रू त्यालाच आळा घालतात.

मग फडकं दोरीने ओढून बाहेर काढा. हे विसरू नका, विसरलेली फडकी मी स्वतः लाइनमधून काढली आहेत. पाइपची आतली भिंत पुसून कोरडी करा. पाइपाची कड धारदार असेल तर कानशीने किंवा पॉलिश पेपरने थोडी गोल करा, नाहीतर ती चकतीला चिरते. चकत्यांना साबणाचं पाणी लावा आणि कनेक्टर किंचित फिरवत खाली उतरवा. तेल, ग्रीस, व्हॅसलिन काही लावू नका. ईपीडीएम रबर खनिज तेलाने फुगतं आणि सैल पडतं. कनेक्टरची वरची किनार आणि फरशी यांच्यामध्ये सिलिकॉनची एक पातळ रेघ दिली तर तो जागचा हलत नाही, पण सांधाच सिलिकॉनने भरून टाकू नका. हवा न लागलेलं जाड सिलिकॉन आत कित्येक दिवस ओलंच राहतं.

कमोड दोघांनी धरून, आखलेल्या रेषेवर सरळ खाली उतरवा. खाली टेकल्यावर गोल फिरवून जुळवाजुळव करायची नाही, गादी दुमडते. चुकला वाटला तर पूर्ण उचला, गादी बघा, परत उतरवा. रबराचा हाही एक फायदा: मेणाला दुसरी संधी नसते. टेकला की वर बसून शरीराचं वजन द्या आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे इकडे, थोडे तिकडे असे आळीपाळीने आवळा. प्लास्टिकचा वॉशर हवाच. स्क्रूने प्रतिकार केला की थांबा. चिनी मातीला जोर लावला की तडा जातो आणि तो तडा काही वेळा दोन दिवसांनी दिसतो.

यानंतर बुडाला काहीही न लावता दोन-तीन दिवस कमोड वापरा. पुन्हा वर्तमानपत्राच्या पट्ट्या, पुन्हा रंगीत पाण्याच्या बादल्या. घरच्यांना घाई असते, प्लंबरला तर त्याहून जास्त, पण हे दोन दिवस सोडू नका. कडेने आधीच सिलिकॉन मारलं तर गळती बाहेर दिसणार नाही, ती गुपचूप खाली कोब्यात मुरेल आणि काकूंच्या छतावरच उगवेल.

सगळं कोरडं राहिलं की मग कडेला सिलिकॉन. फरशी टाइलची असेल तर बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन, कुठलंही चालेल. ज्यांच्याकडे संगमरवर आहे, त्यांनी न्यूट्रल प्रकारचंच घ्यावं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन संगमरवराला डाग पाडतं. चोवीस तास त्याला पाणी लागू देऊ नका. मागच्या बाजूला दोन-तीन इंच जागा मोकळी सोडायची की नाही, यावर आम्हा प्लंबरांत मतभेद आहेत. मोकळी सोडली तर पुढे कधी गळती झाल्यास ती बाहेर दिसते, म्हणून मी शक्यतो सोडतो. पण आपल्याकडे बऱ्याच घरांत संडास आणि न्हाणीघर एकच असतं, फरशीवर रोज पाणी ओततात. उतार कमोडच्या मागच्या बाजूला असेल, तर त्या फटीतून बाहेरचं पाणी आत जातं आणि तिथेच कुजून वास मारतं. तुमचा उतार कुठे आहे ते मगभर पाणी ओतून बघा. पाणी मागे जात असेल, तर आठवडाभर नीट लक्ष ठेवा आणि मग पूर्ण कड बंद करा.

साफसफाईचं एकच सांगतो. आम्ल असलेलं लिक्विड आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात तो खरोखर घातक ठरतो.

स्वतः बसवता येईल का, याचं उत्तर तुमच्या पाइपवर अवलंबून आहे. तोंड योग्य खोलीवर असेल, मध्य जुळत असेल आणि मदतीला कोणी धडधाकट असेल, तर एका सुट्टीच्या दिवशी होण्यासारखं काम आहे. पाइप जोडायचा किंवा सरकवायचा असेल तर चांगला माणूस बोलवा, पण मापं तुम्ही स्वतः घ्या आणि तो सिमेंट कालवायला लागला तर थांबवा.

राहिला काकूंच्या छताचा डाग. सांधा दुरुस्त केल्यावर तो लगेच जाणार नाही. आपल्या संडासाखाली स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्यात भरलेला विटांचा कोबा पाणी धरून ठेवतो, ते कित्येक आठवडे झिरपत राहतं. त्यांच्या परवानगीने डागाची कड पेन्सिलने आखा, बाजूला तारीख लिहा आणि दर आठवड्याला फोटो काढा. आखलेल्या रेषेच्या बाहेर डाग गेला नाही आणि मधला भाग हळूहळू फिकट होत गेला, तर काम झालं. महिन्याभराने डाग वाढलेलाच दिसला, तर नहाणी ट्रॅपचा सांधा किंवा कोब्यातली आडवी लाइन तपासावी लागेल. ओल डक्टमधल्या उभ्या सामाईक पाइपच्या बाजूने येत असेल तर सोसायटीला लेखी कळवा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक ड्रेनेज लाइनच्या गळतीचं काम सोसायटीचं आहे, फ्लॅटच्या आतल्या संडासाचं तुमचं. आणि डाग पूर्ण वाळेपर्यंत त्यांच्या छताला रंग मारून देऊ नका. ओल्या प्लास्टरवरचा रंग सुटतो आणि खालची ओल चालू आहे की थांबली, हे ओळखता येत नाही.